बिस्किट, केक आणि पोटाचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच येतात. आज आम्ही बोलणार आहोत ते बिस्किट, नानकटाई, केक आणि अलीकडे आपल्या गावच्या बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांत येऊन बसलेली ब्राउनी यांवर. कोणी म्हणेल, हा विषय डॉक्टरांचा. आम्ही डॉक्टर नाही. शाळेचेही तोंड फार दिवस पाहिले नाही. पण आहारशास्त्राचा पहिला धडा आम्ही शिकलो तो पगाराच्या वाटाघाटीत. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे मोजावे, याचे सूत्र ठरवले. एका मिळवत्या माणसामागे खाणारी तीन एकके धरावीत, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड धरावे, घरभाडे धरावे, सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी वेतनाचा पाचवा हिस्सा धरावा. अन्नाचा हिशेब मात्र डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांनी सांगितलेल्या कॅलरींवर करावा. हे गृहस्थ कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांच्या मते मध्यम कष्टाच्या प्रौढ माणसाला दिवसाला २७०० कॅलरी लागतात.

हा २७०० चा आकडा आम्ही तोंडपाठ केला. कित्येक बैठकींत तो ठणकावून सांगितला. आयक्रॉइडसाहेबांच्या आहारात धान्याबरोबर डाळ, भाजी, दूधही होते. बैठकीच्या टेबलावर ते सारे गळून पडले आणि आकडा तेवढा उरला. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी उष्णता. पण जिनिंगच्या यंत्राला नुसती वीज पुरत नाही. वंगण लागते, झिजलेला भाग बदलावा लागतो. माणसाच्या देहाचेही तेच आहे. कॅलरी म्हणजे त्याची वीज. वंगण आणि दुरुस्तीचे सामान निराळेच असते.

आता एक साधे गणित करू. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ४५० कॅलरी असतात. म्हणजे ६०० ग्रॅम बिस्किटे खाल्ली की २७०० भरल्या! कागदावर किमान वेतनातले अन्न पुरे झाले. मालक खूष, संघटनाही खूष. पण त्या ६०० ग्रॅममध्ये साखर किती? शंभरात सुमारे पंचवीस धरली, तर दीडशे ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेची उष्णता दिवसाच्या एकूण उष्णतेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांहून कमी असली तर अधिक बरे. २७०० कॅलरींच्या दहा टक्के म्हणजे सुमारे ६७ ग्रॅम साखर. आपण गेलो त्याच्या दुपटीपलीकडे. आणि प्रथिने? शंभरात सात, म्हणजे सगळी मिळून ४२ ग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषाला ५४ ग्रॅम सांगितली आहेत. पोट भरले, आकडा भरला आणि माणूस उपाशी राहिला.

ब्राउनीची गोष्ट वेगळी नाही. बाजारच्या ब्राउनीत शंभर ग्रॅमला सुमारे ४०० कॅलरी, ३७ ग्रॅम साखर, १६ ग्रॅम स्निग्ध आणि जेमतेम पाच ग्रॅम प्रथिने असतात. साठ ग्रॅमचा एक तुकडा खाल्ला की चार चमचे साखर पोटात गेली. वर चहा घेतला तर त्यातली वेगळी.

या सर्वांचा पाया मैदा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली छापलेल्या तक्त्यांत कणकेत शंभर ग्रॅमला अकरा ग्रॅमांवर तंतू आहेत, मैद्यात तीनाहूनही कमी. लोह कणकेत चार मिलिग्रॅम, मैद्यात दोनाच्या आत. कोंडा काढला की गव्हाचा कस त्याच्याबरोबर जातो. आपल्या ज्वारीत मात्र तंतू दहा ग्रॅम आणि लोह जवळजवळ चार मिलिग्रॅम आहे. जिला आपण गरिबाची भाकरी म्हणून नाक मुरडतो, ती काचेच्या कपाटातल्या मालाहून श्रीमंत आहे.

आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचा मैदा, रवा, साखर आणि तूप डब्यात भरून बेकरीवर नेत आणि बिस्किटे भाजून आणत. भट्टी बेकरीवाल्याची, पण माप घरच्या बाईचे. तूप किती पडले, ते तिला ठाऊक असे. आज ते माप पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि आपण ते वाचत नाही. एवढे लक्षात ठेवा: घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त, ते आधी लिहिलेले असते. साखर कधी ग्लुकोज सिरप, कधी इन्व्हर्ट सिरप अशी नावे बदलून येते. वनस्पती तुपातून येणारी घातक ट्रान्स चरबी सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली, हे चांगले झाले. सुट्या खारी-टोस्टवर मात्र काहीच छापलेले नसते. तिथे दुकानदाराला विचारावे.

आता आमची चूक सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका जिनिंग कारखान्यात रातपाळीला काहीतरी खायला मिळावे म्हणून आम्ही भांडलो. कबूल झाले ते चहा आणि बिस्किटाचा पुडा. आम्ही गुलाल उधळला. त्याच पैशांत शेंगदाणे मागता आले असते, हे डोक्यातच आले नाही. पन्नास ग्रॅम बिस्किटांत प्रथिने साडेतीन ग्रॅम. तेवढ्याच शेंगदाण्यांत जवळजवळ बारा! कॅलरी शेंगदाण्यांत थोड्या जास्तच, पण त्यांच्याबरोबर दुरुस्तीचे सामानही येते.

पुढे एका मजूर बाईला आम्ही शहाणपण सांगायला गेलो, की पोराला सकाळी चहा-बिस्किट देऊ नको, भाकरी दे. ती म्हणाली, “भाऊ, पहाटं भाकरी थापू का कापूस येचाले जाऊ?” आम्ही निरुत्तर झालो. पुडा स्वस्त आहे, नासत नाही, चूल मागत नाही आणि पोर रडायचे थांबते. ज्या बाईजवळ वेळ नाही, तिला आहाराचा उपदेश करणे म्हणजे अनवाण्या माणसाला काटे कसे चुकवावेत ते सांगणे.

म्हणून आमचे म्हणणे असे. वाढदिवसाला केक कापा, पाहुण्यापुढे नानकटाई ठेवा, ब्राउनीही खाऊन पाहा. सणाची वस्तू सणाला शोभते. तिला रोजची न्याहारी करू नका. गूळ घातला म्हणजे वस्तू पौष्टिक झाली, असेही समजू नका. गूळ बहुतांशी साखरच. मूठभर फुटाणे, शेंगदाणे, रात्रीची उरलेली भाकरी आणि उसळ यांना चूल पुन्हा पेटवावी लागत नाही. आणि आम्हा संघटनावाल्यांनी यापुढे २७०० हा आकडा मागताना त्याच्यापुढे ‘कशाच्या?’ हा प्रश्नही लिहावा. कामावर जाण्यापूर्वी भाकरी थापण्याइतका वेळ हाही वेतनाचाच भाग आहे. तो मिळेपर्यंत त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यावर उधार आहे. ते फेडायला आपण सर्वांनी हातभार लावावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.