खात्रीची वाट पाहू नका

(मिशन रविवारच्या उपासनेनंतर सोलापूर येथे मंडळीपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण वस्त्यांवरच्या कामाचा अहवाल ऐकता. किती मुले शाळेत गेली, किती जणांचे जातीचे दाखले निघाले, कुठे पाण्याची सोय झाली. तो अहवाल छापून आपल्या हाती दिला आहे, तो घरी सावकाश वाचावा. आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. जीव धोक्यात असताना मदतीचा फोन कधी करायचा?

प्रश्न सोपा वाटतो. नंबरही सर्वांना पाठ आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी १०२, पोलीस किंवा आग असेल तर ११२. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा राज्यासाठी ९३७ गाड्या ठेवल्या होत्या. गाडीत डॉक्टर असतो आणि रुग्णाकडून एक पैसाही घेतला जात नाही. एवढे असूनही पारधी वस्तीवर किंवा ऊसतोड कामगारांच्या कोपीवर गेलो की ऐकू येते, "ताई, सकाळपर्यंत वाट बघितली."

माता का दगावतात याचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोन बाईंनी १९९४ साली तीन उशीर सांगितले. पहिला, मदत घ्यायची हे ठरवण्यातला उशीर. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिरासाठी सरकारने रस्ते, गाड्या, डॉक्टर द्यायला हवेत, आणि ते आपण मागत राहू. पण पहिला उशीर घरात होतो, चुलीपाशी होतो. तो कोणतीही गाडी कमी करू शकत नाही. तो माणसांनीच कमी करायचा असतो.

हा उशीर का होतो? लोक अडाणी आहेत म्हणून, असे कृपा करून म्हणू नका. त्यामागे भीती आहे, आणि त्या भीतीला इतिहास आहे.

आपल्या सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द लहान मुलालाही ठाऊक आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्माने पारधी, म्हणून गुन्हेगार! सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात ठेवली जात, त्यांना हजेरी द्यावी लागे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला, पण संशय गेला नाही. कुठे चोरी झाली की आजही पहिली नजर पालांकडे वळते. ज्या आजीने सरकारी गाडी आली की घरातला पुरुष उचलून नेतात एवढेच पाहिले, ती आजी नातवासाठी सरकारी नंबर सहज फिरवील का? "फोन केला तर नाव विचारतील, नाव सांगितले तर आडनाव कळेल." हे मी अनेकदा ऐकले आहे.

दुसरी भीती पैशाची. "गाडीचे किती होतील?" काहीच होत नाहीत, हे दहा वेळा सांगावे लागते.

तिसरी भीती लाजेची. "उगीच बोलावले आणि काही निघालेच नाही तर?" ही भीती पालांत आहे तशी आपल्या सिमेंटच्या घरांतही आहे. छातीत कळ आली तरी "ॲसिडिटी असेल" म्हणून रात्र काढणारे आपल्यातही आहेत.

म्हणून मी एकच गोष्ट सांगते. फोन करण्यासाठी खात्री लागत नाही, शंका पुरते. खात्री करणे डॉक्टरांचे काम आहे. गाडी आली आणि फार काही निघाले नाही, तर देवाचे उपकार माना आणि चहा करून प्या. त्यात लाज कसली?

मागच्या गळीत हंगामात पंढरपूर तालुक्यातल्या एका फडाजवळ पहाटे एक बाई कोपीतच बाळंत झाली. बाळ रडले, वार पडली, सगळ्यांना हायसे वाटले. मग रक्त जाऊ लागले. मोठ्या बायका म्हणाल्या, "बाळंतपणात जातंच की." तिची भाची आठवीत शिकणारी. आमच्या सुट्टीतल्या वर्गात तिने ऐकले होते की घड्या मोजायच्या. पाव तासात दुसरी घडी भिजली आणि मावशीचे हात गार लागले, तेव्हा ती मुकादमाकडे पळाली आणि त्याच्या मोबाईलवरून १०८ लावला. "कुठे आहात?" या प्रश्नाला तिच्याकडे "फडात" एवढेच उत्तर होते. पलीकडच्या बाईंनी विचारले, "रस्त्यावर काय दिसतंय?" मुलगी डांबरी रस्त्यापर्यंत पळाली आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगितला. गाडी आली. बाईला रक्त चढवावे लागले. माय-लेक दोघेही सुखरूप आहेत.

त्या मुलीला आजाराचे नाव माहीत नव्हते. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, हेही तिला माहीत नसेल. तिला दोन खुणा माहीत होत्या, आणि थोरांपुढे फोन करण्याचे धाडस तिने केले.

खुणा ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केले. तान्ह्या बाळाचा श्वास मोजणे, ते थंड पडले आहे का, दूध ओढते का, हे पाहणे त्या शिकल्या आणि घरीच उपचार करू लागल्या. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि जगाने त्याची दखल घेतली. त्या बायका आपल्या आशाताईंसारख्याच होत्या.

तर खुणा ऐका. जमल्यास लिहून घ्या.

गरोदर बाई: अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाचा हात, पाय किंवा नाळ आधी दिसणे. बाळंतपणानंतर अर्ध्या तासात वार न पडणे किंवा घडीमागून घडी भिजणे.

तान्हे बाळ: दूध न ओढणे, अंग थंड पडणे, हलवले तरी सुस्त राहणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर थांबू नका.

साप: साप चावल्याची नुसती शंका आली तरी फोन करा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महत्त्वाचे. त्यांतली मण्यार फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पालात जमिनीवर झोपणारा माणूस असा उठला तर देवऋषीकडे नेऊ नका. करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. चालू देऊ नका, हातपाय हलू न देता आडवे ठेवा. विषावरचा उतारा म्हणजे सरकारी दवाखान्यातली लस.

उन्हाळा: सोलापूरचे ऊन आपल्याला सांगायला नको. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात. फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मोठी माणसे: छातीत दाब, घाम, जीव घाबरा होणे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे. हा अर्धांगाचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून झटका किती वाजता आला ते लक्षात ठेवा.

आणि कुणीही असो: श्वास लागत असेल, शुद्ध हरपली असेल, रक्त थांबत नसेल, मोठे भाजले असेल किंवा औषध पोटात गेले असेल, तर आधी फोन. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी सोडा, टूथपेस्ट लावू नका. फवारणीचे औषध पोटात गेले असेल तर उलटी करवू नका आणि औषधाची बाटली सोबत द्या.

एक दिवसाचा साधा ताप, सर्दी, जुनी गुडघेदुखी यासाठी आशाताई आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. गाडी अडवून ठेवू नये, एवढे भान असावे. पण मनात तोल साधता येत नसेल तर फोनच्या बाजूने झुका.

फोन कसा करायचा? आधी ठिकाण सांगा, मग काय झाले ते, मग रुग्णाचे वय. पालाला घर नंबर नसतो. म्हणून किलोमीटरचा दगड, कारखान्याचे गेट, दूध संकलन केंद्र, विजेच्या खांबावरचा आकडा सांगा. पलीकडचे ठेवत नाहीत तोवर फोन ठेवू नका. नंतरही तो मोकळा ठेवा, नातेवाइकांना कळवायला दुसरा फोन वापरा. एक माणूस बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभा करा. गाडीला वेळ लागणार असेल तर तोवर काय करायचे, दुसऱ्या वाहनाने निघायचे का, हे त्यांनाच विचारा.

आता आपल्या श्रद्धेविषयी दोन शब्द. काही घरांत मला विचारतात, "आधी प्रार्थना करावी की फोन?" माझे उत्तर असते, फोन लावताना ओठांवर प्रार्थना असू द्या. ज्याने आपल्यासाठी शुभवर्तमान लिहिले तो लूक स्वतः वैद्य होता. त्यानेच दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याचा दाखला लिहून ठेवला आहे. त्या शोमरोन्याने काय केले ते पाहा. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर घातले, उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि परत येताना उरलेले भरीन म्हणाला. प्रथमोपचार, वाहन, सुरक्षित जागा आणि खर्चाची हमी. हा माणूस कोण, कोणत्या जातीचा, हे त्याने विचारले नाही. शोमरोनी स्वतःच लोकांच्या तिरस्काराचा धनी होता, हे आपण विसरू नये. येशूच्या दाखल्यातला शोमरोनी आज आपल्या जिल्ह्यात शोधायचा, तर तो पारध्याच्या पालातही सापडेल.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हे नाव घेतले आहे. अपघातात मदत करणाऱ्याला इंग्रजी कायदा 'गुड समॅरिटन' म्हणतो, म्हणजे चांगला शोमरोनी. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसाच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याआधी १९८९ सालीच न्यायालयाने ठरवले की पोलिसांच्या कागदपत्रांसाठी डॉक्टरांनी जखमीचे उपचार थांबवू नयेत. पुणे रस्त्यावर अपघात दिसला की "पोलीस केस होईल" म्हणून गाडी पुढे काढणाऱ्यांनी हे ऐकावे. याजक आणि लेवी हेही पुढेच निघून गेले होते.

शेवटी मंडळीकडे मागणे. आज मी पैसे मागायला उभी नाही, त्यासाठी लिफाफे आहेत. मला तरुण संघाकडून प्रत्येक वस्तीसाठी एक पत्र्याची पाटी हवी आहे. तिच्यावर ठिकाणाची खूण आणि १०८, १०२, ११२ हे आकडे मोठ्या अक्षरांत रंगवलेले असावेत. महिला मंडळाने आशाताईंना बरोबर घेऊन महिन्यातून एकदा वस्तीवर जाऊन खुणांची उजळणी घ्यावी. आणि मंडळीतल्या काही कुटुंबांनी आपला फोन नंबर एकेका वस्तीला द्यावा. मध्यरात्री तो वाजला तर, "घाबरू नका मावशी, तुम्ही गाडी बोलवा, मी दवाखान्यात येतो," एवढे म्हणावे. पारध्याच्या बाईबरोबर दवाखान्याच्या दारात मंडळीतले एक माणूस उभे असले की तिची भीती अर्धी होते. मी ते पाहिले आहे.

गाडी सरकार देते, औषध डॉक्टर देतात. पण "बोलवा, मी आहे," हे शब्द शेजाऱ्यानेच द्यायचे असतात. ते देण्याची बुद्धी व धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.