बेत आपला, वाट देवाची



मालगुंडच्या किनाऱ्यावर उभे राहिलो म्हणजे आम्हांस वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवतात. जपानात त्यांचा व्यापार चांगला चालला होता. तरी देवाची हाक ओळखून त्यांनी तो सोडला व मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. जपानात शिकलेली जपानी भाषाच पुढे धर्मकार्यात दुभाष्याचे काम करण्यास उपयोगी पडली. १५९७ साली नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण अर्पिले. १८६२ साली त्यांस संतपद मिळाले.

आमचा बेत मोडला की देव रुसला असे आम्ही समजतो. पाळक असूनही प्रार्थनेत आम्ही पुष्कळदा बोलतच राहतो, ऐकत नाही. ह्यास्तव रोज निजण्यापूर्वी घटकाभर मौन धरून विचारू या: प्रभो, आज तू कोठे बोलाविलेस, आणि आम्ही कोठे गेलो?

आमेन.