पाणी न आटवता



संगणकावर पान लागू लागण्यापूर्वी छापखान्यात मजकुराचे ‘ब्रोमाइड’ काढीत आणि ते कापून पानावर चिकटवीत. नियतकालिकाच्या कामात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना तो गुळगुळीत कागद आठवत असेल. त्या कागदाचे नाव ज्या मूलद्रव्यावरून पडले, ते ब्रोमीन कोठून येते हा आजचा विषय.

ब्रोमीन हा गडद तांबडा, पाण्याच्या तिप्पट जड आणि अत्यंत झोंबणाऱ्या वासाचा द्रव. नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असणारे अधातू मूलद्रव्य हे एकटेच. 1826 साली आंत्वान बालार या तरुण फ्रेंच रसायनज्ञाने भूमध्य समुद्राच्या मिठागरातील उरलेल्या कडवट पाण्यात ते शोधले. त्याचे नाव दुर्गंधी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे, आणि ते त्याला शोभतेही. मात्र निसर्गात ते सुटे सापडत नाही. खाऱ्या पाण्यात ते विरघळलेले असते आणि तेही फार थोडे. एक टन समुद्राच्या पाण्यात ते जेमतेम 65 ग्रॅम भरते. भूगर्भात कोट्यवधी वर्षे कोंडलेल्या पुरातन समुद्रांच्या पाण्यात मात्र त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. ते पाणी उपसण्याचा प्रश्न फारसा अवघड नव्हता. अवघड होते ते त्या पाण्यातून चिमूटभर द्रव्य परवडेल अशा रीतीने वेगळे करणे.

अमेरिकेतील मिशिगन आणि ओहायो या राज्यांत विहिरी खोदून असे पाणी काढीत आणि भट्टीवर आटवून त्याचे मीठ करीत. लाकडाच्या वखारींतील टाकाऊ तुकडे हे इंधन. मीठ निघाल्यावर उरलेल्या पाण्यात रसायने घालून ते पुन्हा तापवीत, तेव्हा कोठे ब्रोमीन हाती येई. म्हणजे मूठभर ब्रोमीनसाठी आधी पाण्याचा डोंगर आटवायचा! जंगले विरळ होऊ लागली तसे हे गणित बिघडणारच होते.

क्लीव्हलंडच्या केस स्कूलमध्ये शिकलेल्या हर्बर्ट डाऊ या तरुणाने नेमके हे आटवणेच टाळायचे ठरवले. ओहायोतील त्याचा पहिला उद्योग बुडाला. 1890 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो मिशिगनमधील मिडलंड या लाकूडकटाईच्या गावी आला आणि एका जुन्या पिठाच्या गिरणीत त्याने मांडामांड केली. गावाने त्याचे नाव ‘वेडा डाऊ’ ठेवले. त्याची युक्ती ऐकायला साधी होती. खाऱ्या पाण्यातील ब्रोमीन प्रथम रसायनाने मोकळे करायचे, ते पाणी टांगलेल्या गोणपाटावरून ठिबकवायचे आणि त्यातून हवेचा झोत सोडायचा. ब्रोमीन उडून जाण्यास उतावीळ असते. हवा ते उचलून नेते, पाणी जागीच राहते. पुढे ती हवा लोखंडाच्या तुकड्यांवरून नेली की ब्रोमीन लोखंडाशी जुळून अडकते. 1891च्या जानेवारीत डाऊने रसायनाच्या जागी वीज वापरली आणि विद्युतप्रवाहाने ब्रोमीन मोकळे करून दाखवले. मीठ पाण्यातच राहिले, भट्टीही लागली नाही.

त्या काळी ब्रोमीनचा जागतिक बाजार जर्मनांच्या मुठीत होता. स्टासफुर्टच्या खाणींतील क्षारांबरोबर त्यांना ते जोडउत्पादन म्हणून मिळे, आणि उत्पादकांचा संघ करून ते भाव ठरवीत. पौंडामागे 49 सेंट हा त्यांचा भाव. डाऊने 1904 च्या सुमारास 36 सेंटने इंग्लंडात माल पाठवला, तेव्हा संघाने त्याला धडा शिकवण्यासाठी अमेरिकेतच 15 सेंटने ब्रोमीन ओतले. या भावाला डाऊची कंपनी तगणार नव्हती. त्याने अमेरिकेतील आपली विक्री आवरती घेतली आणि हस्तकाकरवी तोच जर्मन माल गुपचूप विकत घेतला. नवी वेष्टने चढवून तो थेट जर्मनीत 27 सेंटने विकला. अमेरिकेत एवढा माल कोण गिळतो आहे, हे संघाला बराच काळ उमगेना! अखेर तडजोड त्यालाच करावी लागली.

ही गोष्ट बहुधा चातुर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ऐकायला गमतीची आहेच. पण 36 सेंटला माल विकूनही नफा उरत नसता, तर हे चातुर्य दाखवण्याची वेळच आली नसती. संघाशी झुंजण्याचे बळ डाऊला त्या ठिबकणाऱ्या गोणपाटाने दिले होते.

पुढे हा उद्योग दक्षिणेकडे सरकला. अर्कान्सा राज्यात तेलाच्या शोधात खोदलेल्या विहिरींतून तेलाबरोबर दाट खारे पाणी वर येई आणि ते डोकेदुखी मानले जाई. त्यात टनामागे चार ते पाच किलो ब्रोमीन असल्याचे ध्यानात आले. 1957 पासून तेथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. स्मॅकओव्हर नावाच्या चुनखडकाच्या थरातून, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवरून, हे पाणी उपसतात. ते मुळातच गरम असते. त्यातील विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू आधी काढून टाकतात. मग पाणी उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून खाली सोडतात, खालून क्लोरीन आणि वाफ वर येते. क्लोरीन ब्रोमीनला संयुगातून हुसकावते, वाफ त्याला वर घेऊन जाते. वाफ थंड केली की जड ब्रोमीन तळाशी बसते आणि पाणी वर तरंगते. गोणपाट गेले, चिनी मातीचे तुकडे आले. तत्त्व तेच, हवेच्या जागी वाफ एवढाच फरक. पाण्यात ब्रोमीन कमी असेल तेथे आजही हवाच वापरतात.

उरलेल्या पाण्याचे काय? त्याची आम्लता मारून, त्यातील उष्णता नव्याने येणाऱ्या पाण्याला देऊन, ते दुसऱ्या विहिरींतून पुन्हा जमिनीखाली सोडतात. नदीत सोडले तर नदी मरेल. आता त्याच पाण्यातील लिथियमवर तेलकंपन्यांची नजर गेली आहे.

आपल्याकडे हा उद्योग प्रामुख्याने कच्छच्या रणात आहे. तेथेही जमिनीखालचे खारे पाणी उपसतात, परंतु रीत उलटी. डाऊने जे टाळले तेच कच्छमध्ये करतात: आधी पाणी आटवतात. विस्तीर्ण मिठागरांत ते पसरले की मीठ खाली बसते आणि उरलेल्या दाट पाण्यात ब्रोमीन एकवटते. मग त्याला मनोऱ्यात घालून क्लोरीन आणि वाफ देतात. यात विसंगती काहीच नाही. मिशिगनमध्ये आटवण्याला लाकूड जाळावे लागे, रणात ते काम सूर्य फुकट करतो. प्रत्येक भूमीने आपल्या हाती काय आहे ते पाहूनच रीत निवडावी लागते. औषधे, कीटकनाशके, आग रोखणारी द्रव्ये, तेलविहिरी खोदताना लागणारी जड द्रावणे या साऱ्यांना लागणारे ब्रोमीन तेथून शिशाचे अस्तर लावलेल्या टाक्यांतून बाहेर पडते, कारण साधे पोलाद ते खाऊन टाकते. सूर्य मात्र बारमाही चाकरी करीत नाही. पावसाळ्यात रणावर पाणी चढते, मिठागरे थांबतात, आणि ज्या कारखान्याने उन्हाळ्यातच दाट पाण्याचा साठा करून ठेवला नसेल त्याला पुढच्या उन्हाची वाट पाहावी लागते.