दीड तासाचं अंतर

माझी मुलगी नोकरीनिमित्त नैरोबीला असते. परवा तिचा फोन आला, "बाबा, दार-ए-सलामला बदली होतेय. इथून किती लांब?" भूगोलाचा निवृत्त मास्तर मी. कपाटावरचा पृथ्वीगोल उतरवला, दोन शहरांमध्ये दोरा ताणला, प्रमाणाशी ताडून पाहिलं. साधारण ६६५ किलोमीटर. मग सहज तोच दोरा नागपूर-मुंबईवर धरला, तर जवळजवळ तेवढाच निघाला. ते अंतर ६८५च्या आसपास आहे.

विमान आकाशात ताशी आठशे किलोमीटरने जातं. त्या हिशेबाने मुंबई पन्नास मिनिटांवर हवी. पण तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, मुंबईच्या डोक्यावर उतरण्यासाठी ताटकळणं, हे सगळं त्यात येतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात, म्हणून मुंबईहून येताना वेळ कमी लागतो आणि जाताना जास्त.

नागपूरचं हे मध्यावर असणं एकेकाळी फार उपयोगी पडलं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. डाकोटाला मुंबई अडीच-तीन तासांची, पण पत्र एका रात्रीत देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात!

आमच्या भंडाऱ्याला मात्र विमानाआधी रस्ता आहे. काही वर्षांपूर्वी पहाटे पाचला डोंबिवलीहून वहिनींचा फोन आला. दादा गेले होते. मी म्हणालो, "दीड तासाचं तर विमान आहे, पोहोचतोच." त्यांनी त्या भरवशावर अकराची वेळ ठरवली. इकडे गाडी मिळवून निघेपर्यंत साडेपाच. मौद्यावरून नागपूर, मग अख्खं शहर ओलांडून सोनेगाव, तोवर सात वाजले. विमान सव्वाआठचं. पावणेदहाला मुंबईत उतरलो, वेळेवर. टॅक्सी डोंबिवलीत पोहोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. साडेअकरापर्यंत त्यांनी वाट पाहिली होती. मी घरी न जाता सरळ स्मशानात गेलो. वहिनी अजूनही काही बोलत नाहीत. दोष विमानाचा नव्हता, मी तिकिटावरचाच आकडा सांगून बसलो होतो. वर्गात चाळीस वर्षं अंतरं शिकवली, त्या पहाटे दारापासून दारापर्यंतची बेरीज केली नाही.

मुलीला कळवलं, ६६५ किलोमीटर, विमानाने सव्वा तासाच्या आसपास. आणि विचारलं, तुझ्या नव्या घरापासून विमानतळ किती लांब आहे? रस्त्याला गर्दी कधी असते?