राष्ट्रीय उद्यानालगतचा सहकुटुंब मुक्काम
(भाषणाचा सारांश)

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली की वाशीम जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत एकदा तरी जंगल पाहण्याचा विषय निघतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य मात्र आहे, आणि काटेपूर्णा अभयारण्याचा काही भागही जिल्ह्यात येतो. वऱ्हाडातील राष्ट्रीय उद्यान म्हणजे मेळघाटातील गुगामल. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर असून, १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प स्थापन झाले त्यांत मेळघाटचा समावेश होता.

प्रश्न असतो तो मुक्कामाचा. दोन तरुण मित्र कोठेही पथारी टाकतील. परंतु बरोबर वृद्ध आई आणि चार वर्षांचे मूल असेल, तर जागेची निवड हाच सहलीचा निम्मा भाग ठरतो.

वाशीम, मालेगाव, रिसोडकडील कुटुंबांना अकोला-अकोटमार्गे शहानूर सोयीचे. नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावी वन विभागाने पर्यटकांच्या निवासाची सोय केलेली आहे. सकाळी जंगल आणि नंतर महाकाली दरवाजाचे शिल्पकाम, असा दुहेरी लाभ तेथे होतो. कारंजा व मानोरा भागातील मंडळी अमरावती-परतवाडा मार्गे घाट चढून सेमाडोहला पोहोचतात. तेथून पुढे, धारणीच्या रस्त्यावरच, सिपना नदीच्या वळणावर कोलकासचे विश्रामगृह आहे. नदीचे पात्र, पलीकडचा सागवानी डोंगर आणि संध्याकाळची निःशब्दता यांचा विचार करता, मेळघाटात कोलकाससारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल. तथापि औषधोपचाराची वरचेवर गरज लागणारी व्यक्ती बरोबर असेल तर हा मोह आवरावा आणि चिखलदऱ्यास उतरावे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या थंड हवेच्या ठिकाणी बाजारपेठ आहे, दवाखाना आहे; जंगल थोडे दूर पडते इतकेच.

निवासाचे आरक्षण करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पिण्याचे पाणी कोठून येते? स्वच्छतागृह खोलीला लागून आहे की अंधारातून चालत जावे लागते? रात्री वीज गेल्यास काय व्यवस्था आहे? जेवण तेथेच मिळते की शिधा न्यावा लागतो? दूरध्वनीचा संपर्क मेळघाटात अनेक ठिकाणी होत नाही, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे. तंबूत राहावयाचे असल्यास मच्छरदाणी अवश्य न्यावी, कारण हा हिवतापाचा प्रदेश आहे. हिवाळ्यात रात्रीची थंडी बोचरी असते. वाशीमच्या थंडीच्या हिशेबाने घेतलेली एक चादर येथे पुरत नाही.

काळवेळही पाहावा लागतो. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी साधारणपणे बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान हिरवे, ओढे वाहते, पण दाट झाडोऱ्यामुळे प्राणी दिसणे कठीण. एप्रिल-मेमध्ये पानगळीमुळे दृष्टी दूर पोहोचते, प्राणी पाणवठ्यावर येतात. मात्र दुपारचे ऊन लहान मुलांना सोसवत नाही.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. ताडोबात वाघ दिसला म्हणून मेळघाटातही तो दिसलाच पाहिजे, असा आग्रह धरून येणारे कुटुंब बहुधा निराश होऊन परतते. डोंगरदऱ्यांचे हे जंगल आपले वैभव सहजासहजी दाखवीत नाही. रानगवा, सांबर, अस्वल यांची चाहूल, किंवा रानपिंगळा दिसला तरी सहल सार्थकी लागली असे समजावे. शतकाहून अधिक काळ नामशेष मानला गेलेला हा लहानसा पक्षी १९९७ मध्ये नंदुरबार भागात पुन्हा आढळला आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. मुलांना ही हकीकत आधी सांगितली, तर जीपमध्ये बसल्यापासून 'वाघ कुठे आहे' ही भुणभुण पुष्कळ कमी होते.

मुक्कामी शेकोटी पेटविण्याची हौस अनेकांना असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात आग पेटविण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. सागाच्या वाळल्या पानांवर उडालेली एक ठिणगी डोंगर पेटवू शकते. याच जंगलाच्या रक्षणासाठी कोहा, कुंड व बोरी या गावांतील रहिवाशांनी २००१ च्या सुमारास आपली घरे सोडून पायथ्याकडे स्थलांतर केले. पाहुण्याने दोन रात्रींच्या करमणुकीसाठी तेथे ध्वनिक्षेपक वाजवावा, हे त्यांच्या त्यागाशी विसंगत होय. सफारीत सोबत असणारे वाटाडे बहुतांशी परिसरातील गावांचेच असतात. त्यांच्याशी मुलांनी मोकळेपणाने बोलावे. पाऊलखुणा वाचण्याचे त्यांचे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

ज्या कुटुंबात मूल फारच लहान आहे, त्यांनी प्रथम कारंजा-सोहोळच्या गवताळ माळावर एक सकाळ घालवावी. तेथे मुक्कामाची दगदग नाही, काळविटांचे कळप मोकळ्या माळावर दिसतात आणि दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. त्या सकाळी मूल किती वेळ शांत बसते, यावरून मेळघाटचा बेत या वर्षी आखावा की पुढील वर्षी, हे आईवडिलांना सहज ठरविता येईल.