पडद्याचे दुखणे आणि इंजेक्शनचा भाव



कापसाच्या भावावर दुपारी बोलूच. त्याआधी थोडा वेळ डोळ्यांसाठी मागून घेतो आहोत.

दिसेनासे झाले की आपण म्हणतो, मोतीबिंदू असेल, ज्वारीची सोंगणी झाल्यावर पाहू. मोतीबिंदू थांबेल. पडद्याचे दुखणे थांबत नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. साखरेच्या आजारात त्याच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. उपाशी पडदा मग नव्या वाहिन्या मागवतो. ‘व्हीईजीएफ’ नावाचे द्रव्य ती मागणी पोचवते. येतात त्या कच्च्या. कच्च्या पाटासारख्या झिरपतात, फुटतात. उतारवयात साखर नसली तरी काहींच्या पडद्याखाली, ऐन मध्यावर, अशाच वाहिन्या वाढतात. मग पऱ्हाटीची सरळ ओळ मध्येच वाकडी दिसते. दुखत काही नाही, तिथेच घात होतो. एकेक डोळा झाकून ओळीकडे बघा. दोन्ही उघडे असले तर चांगला डोळा दुसऱ्याची खोट झाकतो.

ती मागणीच अडवणारे इंजेक्शन आहे. डोळा बधिर करून पांढऱ्या भागातून बारीक सुई देतात. सुरुवातीला बहुधा महिन्याला एक, पुढे तपासून. एकावर भागत नाही. गेलेली नजर सगळी परत येईल असे आम्ही सांगणार नाही. उरलेली बहुतेकांची राखता येते.

आता भाव. बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी आले. २००५ पासून डॉक्टर त्याचा थेंबभर डोस डोळ्यात देऊ लागले. त्याच कंपनीने २००६ साली खास डोळ्यासाठी रॅनिबिझुमॅब आणले. तेव्हा तिथे पहिल्याचा डोस सुमारे ५० डॉलरचा होता, दुसऱ्याचा सुमारे २,०००! उतारवयातल्या आजारावर सरकारी खर्चाने चाचणी झाली. २०११ साली निकाल आला, दोन्हींनी नजर सारखीच राखली. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्वस्त औषध अत्यावश्यक यादीत घेतले. आपल्याकडे २०१५ साली रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्तीही आली.

तेव्हा डॉक्टरांना विचारा, स्वस्तातले चालेल का. बियाण्याचा भाव विचारतोच ना आपण? मात्र मोठ्या बाटलीतून लहान डोस काढताना स्वच्छता चुकली तर डोळ्यात जंतू जातात. डोस कुठे भरला, हेही विचारा. नंतर डोळा दुखला, लाल झाला, अंधुक झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साखर असलेल्यांनी नीट दिसत असले तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. जेवणाच्या सुट्टीत नावे द्या, तालुकावार गाडी करून एकत्रच जाऊ.