एका पैचा हिशेब

माऊली, नाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींचे हिशेब लिहायचे. एक पै जुळेना, म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसले. चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली! स्वामींनी ओळखलं, असं चित्त देवाकडे वळलं की झालं काम.

आता तुमची सोसायटी घ्या. ३१ मार्चला वर्ष संपतं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. खजिनदार ताळेबंद वाचतो. सिंकिंग फंड किती, थकबाकी किती. आणि तुम्ही? ‘मंजूर, मंजूर’ म्हणत चहाकडे बघता! अहो, त्यात कुणा म्हातारीच्या पेन्शनचा पैसा आहे. खजिनदार असाल तर आकडा उलगडून सांगा, विचारलं म्हणून रागावू नका. सभासद असाल तर जरूर विचारा, पण पाणउतारा करू नका. चोख हिशेब हीसुद्धा सेवाच आहे, महाराज. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!